सतराव्या रांगेतला वास

७ मार्च

डॉक्टरांनी रोज चार ओळी लिहायला सांगितल्या आहेत. डोक्याला मार लागल्यावर माणूस काय विसरतो, कधी चक्कर येते, कधी चिडतो, हे म्हणे लिहिलं की लक्षात येतं. चिडण्याचं लिहायला बसले तर वही पुरायची नाही. लिहिण्यासारखं काही असेल त्याच दिवशी लिहीन.

झालं ते असं. मागच्या महिन्यात विमान हवेच्या खळग्यात सापडलं. मी मागच्या गॅलीत, म्हणजे विमानातल्या स्वयंपाकघरात, ट्रॉल्या कपाटात ढकलत होते. पायाखालून जमीन गेली आणि परत आली तोवर माझं डोकं मागच्या बाजूने कपाटाच्या कडेवर आपटलं होतं. टाके पडले, रजा पडली. आयुष्यभर प्रवाशांना पट्टे बांधायला सांगत आले आणि शेवटी आपटले मीच, याचा राग दुखण्यापेक्षा जास्त.

आज शेवटची तपासणी झाली. डॉक्टरांनी डोळ्यांपुढे बोट फिरवलं, कानाशी काटा वाजवला, एका पायावर उभं केलं, रक्तदाब घेतला, शंभरातून सात-सात वजा करायला लावले. शहाऐंशीच्या पुढे मी अडखळले. म्हटलं, डॉक्टर, डोकं फुटायच्या आधीही मी इथेच अडखळायचे. हसले आणि कामावर जायच्या कागदावर शिक्का मारला.

११ मार्च

सासूबाईंचा हात आताशा फारच सैल झालाय. कशालाच चव नसते. बरं, मीठ असतं, तिखट असतं, जीभ भाजते, पण जेवल्यासारखं वाटत नाही. आज भाजी कोबीची होती की दुधीची, हे मला डोळ्यांनी बघून ठरवावं लागलं. मी एवढंच म्हटलं, "आई, आज लसूण विसरलात का?" तर चमचा टाकून त्या बाहेर जाऊन बसल्या. नवरा माझ्याकडे बघत म्हणाला, "अगं, लसणीशिवाय दुसरं काही नाहीये त्यात."

आईची बाजू घेणारच तो. जाऊ दे.

१४ मार्च

आज स्वतःचीच भीती वाटली. दूध मंद आचेवर ठेवून मी तिथेच खुर्चीवर वाचत बसले होते. पाठ गॅसकडे, पण अंतर दोन हातांचं. नवरा बाहेरच्या खोलीतून धावत आला. दूध आटून पातेल्याचं बूड काळं झालं होतं, खोलीत धूर. तो खिडक्या उघडत ओरडला, "तू इथेच बसली होतीस ना?"

मी इथेच बसले होते. म्हणजे विसरले? पण मला दूध ठेवल्याचं चांगलं आठवत होतं, फक्त ते जळतंय हे कळलं नाही. डोक्याच्या माराने विसराळूपणा येतो असं डॉक्टर म्हणाले होते, त्याची ही सुरुवात तर नाही? भांडी घासता घासता विमानातलं सगळं आपत्कालीन सामान मनाशी म्हणून काढलं. आग विझवायच्या बाटल्या कुठे कुठे, धुरात डोक्यावर चढवायचे स्मोक हूड कुठे, कुऱ्हाड कुठे. एकही चुकलं नाही. मग जरा जिवात जीव आला.

नवऱ्याने मात्र तेव्हापासून माझ्यावर पहारा बसवलाय. किल्ल्या घेतल्या का, नळ बंद केला का. भूमिती शिकवणारा माणूस, घरातही कोन मोजत फिरतो.

१८ मार्च

पहिलं उड्डाण! गणवेश घातला आणि महिन्याचं किटाळ गेल्यासारखं वाटलं. पोरापोरींनी दारात टाळ्या वाजवल्या. मागे मला 'फौजदार' म्हणतात, हे मला ठाऊक आहे आणि खरं सांगायचं तर आवडतं.

एक नवीन मुलगी आली आहे. अजून कायम झालेली नाही. चणीने एवढीशी, आवाज त्याहून बारीक, म्हणून सगळे चिमणी म्हणतात. कामाला चोख आहे, पण प्रत्येक गोष्टीवर विचारते, "सांगू का कॉकपिटला?" उड्डाणापूर्वीच्या बैठकीत मी सगळ्यांदेखत बजावलं, "ऊठसूट वैमानिकांना फोन लावायचा नाही. काय असेल ते आधी मला सांगायचं. मी बघेन, मी ठरवीन." नियमांच्या पुस्तकात तसं नाही. पुस्तकात, ज्याला संशय येईल त्याने थेट कळवायचं, असं आहे. पण आमच्याकडे रीत पहिल्यापासून हीच, आणि माझ्या हाताखाली कधी काही बिघडलेलं नाही.

एक छोटी गोष्ट. मी मागचा संडास तपासून बाहेर आले, सगळं ठीक. माझ्या पाठोपाठ चिमणी गेली आणि लगेच मला बोलवायला आली. कुणीतरी छतावरच्या धूर ओळखणाऱ्या यंत्राला टोपी घालून आत सिगारेट ओढली होती. थोटूक कचऱ्याच्या डब्यात, कागदांमध्ये. त्या डब्यावर आग विझवायची स्वतःची छोटी बाटली असते, आतला जाळ वाढला की ती आपोआप फुटते. पण तोवर थांबायचं नसतं. पाणी ओतलं, प्रवाशाला शोधून झाडलं. मी बाहेर पडले आणि चिमणी आत गेली, तेवढ्यात कोणी कधी ओढली? फारच चपळ माणूस दिसतो.

२३ मार्च

सेंटच्या दुकानदाराला जाब विचारायला हवा. नवी बाटली आणली तर नुसतं पाणी. चार-पाच फवारे मारले तरी पत्ता नाही. वर आज चिमणी चाचरत म्हणते, "मॅडम, रागावू नका, पण आज सेंट जरा जास्त झालाय." तिला म्हटलं, "तू प्रवाशांची काळजी कर, माझ्या सेंटची नको." तोंड एवढंसं झालं. नंतर वाईट वाटलं, पण वाकून दाखवलं की ही पोरं डोक्यावर बसतात.

२९ मार्च

रात्र बरीच झालीय. पण आजचं आजच लिहायला हवं.

दुपारचं विमान, जवळजवळ भरलेलं. जेवणाचे ट्रे गोळा करून झाले होते. चिमणी गॅलीच्या पडद्याआड आली.

"मॅडम, सतराव्या रांगेजवळ काहीतरी जळल्याचा वास येतोय."

"कसला?"

"प्लॅस्टिक तापल्यासारखा. थोडा गोडसर."

मी लगेच गेले. हे स्पष्ट लिहून ठेवते, उद्या कुणी म्हणायला नको की बाईने कानाडोळा केला. सतराव्या रांगेशी थांबले, मान वर करून दीर्घ श्वास घेतला. दोन रांगा पुढे, दोन रांगा मागे. काही नाही, अगदी काही नाही. खिडकीशी एक बाई नाकाला रुमाल लावून बसल्या होत्या. त्यांना विमान लागत असावं म्हणून मी त्यांना पिशवी दिली. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या.

परत येऊन म्हटलं, "ओव्हनमध्ये एखादा कागद राहिला असेल."

"ओव्हन मी उघडून बघितले, मॅडम. स्वच्छ आहेत."

"मग तुझ्या मनाचे खेळ."

"कॉकपिटला सांगू का?"

"काय सांगणार? मला नसलेला वास येतोय म्हणून?"

 मी पुढच्या भागात गेले. थोड्याच वेळात मागून किंकाळी ऐकू आली.

तिने सतराव्या रांगेवरचा सामानाचा कप्पा एकटीने उघडला होता. हातात बाटली नाही, डोक्यावर हूड नाही. आतून धुराचा लोट खाली आला आणि एका बॅगेवर निळसर ज्वाळा उठली. बॅग बाहेर ओढायला तिने हात घातला, तर वितळलेला पट्टा तिच्या तळव्याला चिकटला.

त्यापुढचं सगळं शरीराने आपोआप केलं. हूड, बाटली, पिन, ज्वाळेच्या मुळाशी फवारा. एका सहकाऱ्याला फोनवर उभं केलं, त्याने वैमानिकांना क्षणाक्षणाचं सांगितलं. आसपासच्या रांगा रिकाम्या करून लोकांना खाली वाकवलं, तोंडावर ओले रुमाल धरायला लावले. मोबाइल चार्ज करायची जाडजूड बॅटरी होती बॅगेत. बाटलीतल्या वायूने ज्वाळा विझते, पण बॅटरी आतून धुमसतच राहते, पुन्हा पेटते. ती थंड व्हायला पाणीच लागतं. होतं नव्हतं तेवढं पाणी ओतलं, ज्यूससुद्धा ओतला. हूड घालायच्या आधी डोळे चुरचुरले होते, घसा धरला होता, तो अजून धरलेलाच आहे. कॅप्टननी जवळच्या विमानतळावर विमान उतरवलं. सगळे जिवंत. एका चिमणीचा हात सोडला तर कुणाला ओरखडाही नाही.

घरी पोचले तर नवऱ्याने दारातच अडवलं. आधी मिठी मारली, मग म्हणाला, "कपडे इथेच काढ, घरभर होईल." सासूबाईंनी तर नाकाला पदर लावून आतलं दार ओढून घेतलं. म्हटलं, आगीतून आलेय मी, अत्तराच्या दुकानातून नाही.

३ एप्रिल

कॅप्टननी लेखी कौतुक पाठवलंय. 'केबिन प्रमुखांचं प्रसंगावधान' वगैरे. सासूबाईंनी ते शेजारणीला दोनदा वाचून दाखवलं. तरी माझं मन खट्टू आहे.

चिमणीने जबाबात लिहिलंय की तिने मला वासाबद्दल सांगितलं, मी वास नाही म्हणाले, आणि त्यामुळे वेळ गेला. पहिलं अर्धं खरं आहे. पण वास नव्हताच! मी तिथे उभी होते. वीस वर्षं मी हेच करत आले. मला वाटतं, तिला कप्प्याच्या फटीतून धूर दिसला, बहादुरी दाखवायला तिने तो एकटीने उघडला, आणि आता नियम मोडल्याचं अंगाशी आलंय तेव्हा वासाची गोष्ट रचतेय. सुरक्षा विभागाच्या साहेबांनी फोनवर मला सरळच विचारलं, "वास होता का?" मी म्हटलं, "नव्हता." त्यांनी ते तसंच उतरवून घेतलं.

चौकशी व्हायची आहे. मुलगी कायम नाही, त्यामुळे काढून टाकणं सोपं. खोटं बोलणाऱ्याला विमानात जागा नाही, हे माझंच वाक्य आहे. तरी आज जेवण गेलं नाही.

८ एप्रिल

ऑफिसच्या कँटीनमध्ये चिमणी भेटली. उजवा हात कोपरापर्यंत बँडेजने पांढरा. डाव्या हाताने साखरेची पुडी फोडायचा प्रयत्न चालला होता. मी न विचारता फोडून दिली.

ती म्हणाली, "मॅडम, एक विचारू? तुम्हाला खरंच वास आला नव्हता?"

"नाही."

"थोडासुद्धा?"

"अगं, आला असता तर मी तुला तसं कशाला सांगितलं असतं? माझं तुझं काय वैर आहे?"

तिने साखर चहात ओतली. मग म्हणाली, "तेच मी घरी सांगते. मॅडम खोटं बोलणाऱ्यातल्या नाहीत. म्हणजे मलाच भास झाला असणार."

 समजूतदारपणे घेतेय, एवढंच वाटलं. जाताना डाव्या हाताने नमस्कार केला आणि चुकलं म्हणून हसली.

१२ एप्रिल

आज वार्षिक उजळणीचं प्रशिक्षण होतं. केंद्रात विमानाच्या केबिनचा एक तुकडा उभा केलेला आहे, त्यात आगीचे सराव होतात. शिकवायला आमचे जुने प्रशिक्षक, ज्यांना सगळे उस्ताद म्हणतात. माझ्या पहिल्या वर्षी त्यांनीच मला बाटली धरायला शिकवलं होतं. आमच्या विमानातल्या घटनेनंतर त्यांनी एक नवा सराव बसवलाय.

ते म्हणाले, "इंजिनात आग लागली तर वैमानिकापुढे दिवा लागतो. खालच्या सामानाच्या कोठारात यंत्र आहे, तिथल्या बाटल्या कॉकपिटमधून फुटतात. संडासात यंत्र आहे. आता सांगा, प्रवाशांच्या डोक्यावरच्या कप्प्यांमध्ये काय आहे?" त्यांनी बोटाने वरचा कप्पा ठोकला. "काही नाही. तिथलं यंत्र म्हणजे तुम्ही."

सराव सोपा. टिनच्या ताटलीत करपवलेली चिंधी एका बंद कप्प्यात ठेवायची. बाकीचे प्रवासी होऊन बसतात. एकाने दारातून चालत यायचं आणि वासावरून कप्पा सांगायचा. पोरंपोरी येत होती आणि बघता बघता बोट दाखवत होती. मी मनात म्हटलं, उस्तादांनी जागा आधीच सांगून ठेवलेली दिसते.

मग माझी पाळी. मी पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत गेले. परत आले. पुन्हा गेले. मागून कुणीतरी हसलं. मला वाटलं, उस्तादांनी माझी गंमत करायला चिंधी ठेवलीच नाहीये. म्हणून मी पण हसले आणि थांबले. जिथे थांबले तिथली मुलगी नाक मुठीत धरून बसली होती. तिच्या शेजारचा पोरगा खोकला. सगळे माझ्याकडे बघत होते, आणि मग एकदम कुणीच माझ्याकडे बघेना.

उस्ताद उठले, माझ्या डोक्यावरचा कप्पा त्यांनी उघडला. ताटली तिथेच होती. चिंधीतून अजून धुराची बारीक रेघ निघत होती.

"सर्दी आहे का?" त्यांनी हळूच विचारलं.

"हो," मी म्हटलं.

"आवाज तर मोकळा आहे तुझा."

संध्याकाळी

घरी आल्याआल्या स्वयंपाकघरात शिरले. लसूण ठेचून बोटांना चोळला. कॉफीचा डबा उघडला. साबण, फिनेल, दिव्याचं तेल, नासलेलं लिंबू. सिरक्याने नाकात झोंबलं तेवढंच, पण झोंबणं म्हणजे वास नव्हे. बाकी सगळं एकसारखं, गार हवा आत घेतल्यासारखं. सेंटच्या बाटलीचं झाकण काढून ती नाकात घालायची बाकी ठेवली.

सासूबाई दारात उभ्या. ओट्यावर सगळे डबे उघडे बघून म्हणाल्या, "काय हरवलंय गं?"

"आई, मला वास येत नाही. कशाचाच येत नाही."

 त्या स्टुलावर बसल्या. "म्हणजे माझ्या हाताची चव गेली नव्हती?"

"नाही हो."

"मेले, महिनाभर तुझी बोलणी खाल्ली मी! लपून लपून मीठ वाढवत होते!" आणि त्या रडायला लागल्या. मग मला जवळ घेऊन रडल्या. मी मात्र रडले नाही. माझ्या डोळ्यांपुढे साखरेची पुडी होती आणि ती फोडू न शकणारा हात.

चिमणीला वास आला होता. तिने मला सांगितला होता. मी ऐकलं असतं तर आम्ही दोघी हूड घालून, बाटली घेऊन तो कप्पा उघडला असता.

१५ एप्रिल

नाकाच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. डोकं मागे आपटलं की मेंदू पुढे हिसकतो आणि नाकाच्या छताशी वासाचे जे बारीक धागे असतात ते तुटतात. पुन्हा जुळतीलही, न जुळतीलही. "नोकरी कुठे करता?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "ऑफिसात." का म्हटलं?

कारण आमच्या तपासणीत नाक नाहीच. डोळे, कान, हृदय, साखर, वजन, सगळं बघतात. नाक कुणी विचारत नाही. उस्तादांना फोन केला. ते म्हणाले, "नव्या सरावाला गुण नाहीत. कागदावर काही जाणार नाही. पुढचं तुझं तू बघ." फोन ठेवताना त्यांचा आवाज थकलेला वाटला.

नवरा म्हणाला, "तू कुठे खोटं बोललीस? नव्हता आला वास, नव्हता आला म्हणालीस. आणि बाकीचे चौघं असतात ना विमानात, त्यांना नाकं आहेत." मग म्हणाला, "तुला घरी बसलेली मला बघवणार नाही गं. मागच्या रजेत तू भिंतीशी भांडत होतीस."

त्याच्या बोलण्यात माया आहे, म्हणून ते जास्त अवघड. आज दिवसभर मी मधला मार्ग शोधत होते. सांगता येईल की गर्दीत माझं लक्ष नव्हतं. सांगता येईल की वास थोडा असेलही, माझ्या ध्यानात आला नसेल. मुलगी सुटेल, मीही सुटेन. प्रत्येक वाक्य मनाशी म्हणून बघितलं. आज मी चांगली बाई नव्हते, हे इथे तरी लिहावं.

१७ एप्रिल

सुरक्षा विभागाचे साहेब फोनवर खुशीत होते. "प्रकरण मिटलं, मॅडम. मुलीने आधीचा जबाब मागे घेतला. वास हा भास असावा असं लिहून दिलंय. पहिलीच चूक म्हणून ताकीद देऊन सोडू, नोकरीही राहील. उद्या तुम्ही फक्त सही करायला या."

फोन ठेवला आणि मोठा सुस्कारा सोडला. तिची नोकरी वाचली, माझं उडणं वाचलं. सासूबाईंना सांगितलं, नवऱ्याला सांगितलं. सगळे मोकळे झाले. जेवतानासुद्धा मी दोन-चार विनोद केले.

मग ताटं उचलताना मनात आलं, ही पोरगी पुन्हा विमानात चढेल. पुन्हा कधीतरी तिला काहीतरी जळल्याचा वास येईल. आणि ती तिथेच उभी राहील, मनात म्हणेल, मागच्या वेळीही भास होता. कुणाला सांगणार नाही, काही उघडणार नाही. मीच तिच्याकडून ते काढून घेतलंय. माझं नाक तर डोकं आपटून गेलं, तिचं मी माझ्या शब्दाने घालवलं.

नवऱ्याला म्हटलं, "उद्या माझ्याबरोबर ये." त्याने कशाला ते विचारलं नाही. बुटांना पॉलिश करत बसला, माझ्याही.

१८ एप्रिल

लांब टेबल, तीन माणसं, पाण्याचे जग. मधल्या खुर्चीत सुरक्षा विभागाचे साहेब. चिमणी टेबलाच्या टोकाला, आईबरोबर. हाताचं बँडेज आता लहान झालंय. टेबलावर जाड प्लॅस्टिकच्या मोहोरबंद पिशवीत ती जळकी बॅग होती.

साहेबांनी कागद पुढे सरकवला. "दोन्ही जबाब आता जुळतात. इथे सही करा."

मी म्हटलं, "साहेब, वास होता."

ते चष्म्यावरून बघायला लागले. "तुम्ही तर नव्हता म्हणालात."

"मी चुकीचं सांगितलं. मला माहीत नव्हतं. डोक्याला मार लागल्यापासून मला कसलाच वास येत नाही. हे मला सहा दिवसांपूर्वी कळलं."

 चिमणी लगेच म्हणाली, "नाही मॅडम, तुम्ही माझ्यासाठी असं सांगू नका. मला खरंच भास झाला असेल. मी लिहून दिलंय."

तिचा चेहरा बघवेना. माझ्यासाठी ती खोटी व्हायला तयार होती, आणि त्या भासावर तिचा विश्वासही बसत चालला होता.

मी साहेबांना म्हटलं, "ती पिशवी उघडा."

"पुरावा आहे तो, मॅडम."

"म्हणूनच उघडा. सगळ्यांसमोर."

त्यांनी दोघांशी कुजबुज केली. मग कात्रीने पिशवीचं तोंड कापलं. कापताक्षणी डावीकडच्या माणसाने खुर्ची मागे ढकलली. साहेबांनी रुमाल काढला. चिमणीची आई खोकायला लागली, दाराशी बसलेला माझा नवरासुद्धा तोंड फिरवून बसला. मी उठले, टेबलावर दोन्ही हात टेकले, त्या पिशवीत तोंड घातलं आणि पोट भरून श्वास घेतला. मग दुसरा. कोळसा झालेला पट्टा माझ्या गालाला लागला.

तोंड वर काढून म्हटलं, "मला काहीच येत नाही."

माझ्या गालावर काजळी असणार, कारण सगळे तिकडेच बघत होते. उद्यापासून मी विमानात नसणार, हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला त्या क्षणी कळलं. मलाही तेव्हाच पुरतं कळलं. मी खुर्चीत बसले.

साहेबांनी रुमाल नाकावर तसाच धरून चिमणीकडे बघितलं. "तुम्हाला येतोय?"

तिने बँडेजचा हात टेबलावर ठेवला. आधी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली नाही, डोळ्यांनीही काही सांगितलं नाही. तिचं तिने सांगायचं होतं.

"येतोय," ती म्हणाली. "त्या दिवशीही हाच येत होता. मी सांगितलं होतं."